हिऱ्याच्या कवचावरच्या लाटा

कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत सप्टेंबर २०१२ च्या अखेरीस एक मोठी मोहीम संपली. जगातला सर्वांत शक्तिमान लेसर हाताशी होता आणि संगणकावरची आकडेमोड वर्षानुवर्षं चालली होती. ड्यूटेरियम आणि ट्रिटियम भरलेली दोन मिलिमीटर व्यासाची गोळी १९२ किरणशलाकांच्या माऱ्याने आत दबली की तिच्यात संलयन पेटेल, असं ती आकडेमोड सांगत होती. गोळ्या दबल्या, न्यूट्रॉनही बाहेर पडले. पण लेसरने सोळा-सतरा लाख ज्यूल ऊर्जा ओतूनही संलयनातून मिळालेली ऊर्जा काही हजार ज्यूलच्या पुढे गेली नाही.

त्यानंतर सुमारे दहा वर्षांनी, ५ डिसेंबर २०२२ रोजी, त्याच यंत्राने लेसरमधून गेलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त ऊर्जा संलयनातून काढून दाखवली. त्या दिवसाविषयी पुष्कळ लिहून आलं. मला त्याहून मोलाची वाटते ती मधली दहा वर्षं, कारण त्या काळात शास्त्रज्ञ एका अवघड प्रश्नामागे लागले होते: संगणकाचं भाकीत आणि प्रयोग यांत एवढं अंतर पडलं, तर संगणकाकडून नेमकं काय सुटलं? उत्तराचा बराचसा भाग गोळीच्या पृष्ठभागावरच्या अतिसूक्ष्म लाटांमध्ये होता.

आधी गोळीविषयी. लेसर तिच्यावर थेट पडत नाही. सोन्याचा, किंवा आतून सोनं चढवलेल्या युरेनियमचा, सुमारे एक सेंटिमीटर लांबीचा पोकळ दंडगोल असतो. त्याला होलराउम म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांच्या छिद्रांतून शलाका आत शिरून भिंतीवर आदळतात, आतली पोकळी तीस लाख अंशांच्या वर तापते आणि क्ष-किरणांनी भरून जाते. मधोमध ठेवलेल्या गोळीचं बाहेरचं कवच (आधी प्लास्टिकचं, पुढे हिऱ्याचं) या क्ष-किरणांनी जळून बाहेरच्या दिशेने उधळतं. अग्निबाणाला वर रेटणारी प्रतिक्रिया इथे चहूबाजूंनी आत रेटते, आणि उरलेलं कवच सेकंदाला साडेतीनशे ते चारशे किलोमीटर वेगाने केंद्राकडे झेपावतं. त्रिज्या तीस पटींनी आक्रसते, म्हणजे घनफळ सत्तावीस हजार पटींनी. केंद्रातला तप्त बिंदू पाच कोटी अंशांच्या पलीकडे जातो आणि तिथला दाब सूर्याच्या गाभ्यातल्या दाबालाही मागे टाकतो. हे सगळं टिकतं सेकंदाच्या सुमारे दहा अब्जाव्या भागापुरतं. तेवढ्या वेळात ड्यूटेरियम आणि ट्रिटियम जुळून हेलियमची केंद्रकं तयार व्हायला हवीत, आणि त्या केंद्रकांनी आपली ऊर्जा आसपासच्या इंधनाला देऊन ते आणखी तापवायला हवं. हेच प्रज्वलन.

कवचाच्या आतल्या बाजूला इंधनाचा बर्फाचा थर असतो, साधारण पासष्ट-सत्तर मायक्रॉन जाडीचा, निरपेक्ष शून्यापेक्षा जेमतेम अठरा-एकोणीस अंश वर ठेवलेला. तो गुळगुळीत कसा होतो ही हकिकत सुंदर आहे. ट्रिटियम किरणोत्सारी असल्यामुळे स्वतःला किंचित तापवत राहतं. थर जिथे जाड आहे तिथे उष्णता जास्त साठते, तिथला बर्फ वाफ होऊन उडतो आणि पातळ, म्हणून गार असलेल्या जागी पुन्हा गोठतो. काही तास थांबलं की थर आपोआप सारखा होतो. निसर्गाने इथे सपाटीची बाजू घेतली आहे. एकदा लेसर सुटला की तो बाजू बदलतो.

लेसरने हायड्रोजन दाबून संलयन घडवण्याची कल्पना जॉन नकोल्स आणि त्यांच्या लिव्हरमोरमधल्या सहकाऱ्यांनी १९७२ साली 'नेचर'मध्ये मांडली. त्या लेखामागेही संगणकावरची आकडेमोड होती. पेट घेण्यापुरता हजार ज्यूलच्या आसपासचा लेसर पुरावा, असा तेव्हाचा आशावादी अंदाज होता. गोळी जवळजवळ परिपूर्ण गोलाईने दबेल, हे त्यात गृहीत होतं. १९७७ साली लिव्हरमोरमध्ये वीस शलाकांचा लेसर उभा राहिला. शंकराच्या अनेक भुजांवरून त्याचं नाव ठेवलं 'शिवा'. त्याची ऊर्जा दहा हजार ज्यूलच्या घरातली. तरी प्रज्वलन दूरच राहिलं. पुढे १९८४ साली दहा शलाकांचा 'नोव्हा' आला, आणि २००९ साली १९२ शलाकांची 'नॅशनल इग्निशन फॅसिलिटी' पूर्ण झाली. अंदाजातले हजार ज्यूल प्रत्यक्षात वीस लाखांवर का गेले याची कारणं अनेक आहेत. गोलाई न टिकणं हे त्यांतलं मोठं.

गोलाई का टिकत नाही ते समजायला पाण्याने काठोकाठ भरलेला पेला घ्या, त्यावर पुठ्ठा ठेवा आणि पेला उलटा करा. पुठ्ठ्याला हात न लावताही पाणी पडत नाही. हवेचा दाब ते तोलून धरतो. हवेचा दाब तर दहा मीटर उंचीचं पाणी तोलू शकतो. मग पुठ्ठा काढताच पाणी का कोसळतं? हवेचा दाब तेव्हाही तेवढाच असतो. फरक असा की पुठ्ठ्याने पाण्याची खालची बाजू सपाट ठेवली होती. तो गेल्यावर पृष्ठभागावर लाट उठायला मोकळीक मिळते. लाट जिथे खाली झुकली तिथे पाणी अधिक खाली येतं, जिथे वर गेली तिथे हवा वर घुसते, आणि प्रत्येक क्षणी ही वाढ आधीच्या वाढीच्या प्रमाणात होते. जड द्रव वर आणि हलका खाली अशी मांडणी असली की ही अस्थिरता अटळ असते. लॉर्ड रेले यांनी १८८३ साली तिचं गणित मांडलं. १९५० साली जेफ्री टेलर यांनी दाखवलं की गुरुत्वाकर्षण नसलं तरी चालतं: हलका पदार्थ जड पदार्थाला ढकलून वेग देत असेल, तर दोघांमधली सीमा तशीच फाटत जाते. म्हणून तिला रेले–टेलर अस्थिरता म्हणतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांच्या १९६१ च्या द्रवगतिकीय स्थैर्यावरच्या ग्रंथात तिला एक संपूर्ण प्रकरण दिलं आहे. संलयनावर काम करणाऱ्या पुढच्या पिढ्यांनी हा ग्रंथ हाताशी ठेवला.

संलयनाच्या गोळीत हे संकट दोनदा येतं. आधी बाहेर: जळून उधळणारा विरळ, तप्त वायू आतल्या दाट कवचाला रेटत असतो, म्हणजे हलका जडाला ढकलतो. नंतर आत: कवच केंद्राजवळ पोचतं तेव्हा केंद्रातला विरळ तप्त वायू दाबला जाऊन उलटा जोर लावतो आणि दाट बर्फाला थोपवतो, पुन्हा हलका जडाला ढकलतो. बाहेर वाढलेली लाट कवचातून आतवर उतरते आणि दुसऱ्या टप्प्याला आयतं बीज पुरवते. या दोन्हींच्या आधी, धक्कालाट सीमेवरून जाताना तिथल्या खाचाखोचा हलवून जागवते. या तिसऱ्या प्रकाराचा सिद्धान्त रॉबर्ट रिक्टमायर यांनी १९६० साली मांडला आणि सोव्हिएत संघातल्या येव्गेनी मेश्कोव्ह यांनी १९६९ साली तो प्रयोगाने दाखवला.

लाट किती वाढेल याचा ढोबळ हिशेब आपल्यालाही करता येतो, आणि त्यातून एक अनपेक्षित गोष्ट कळते. रेले–टेलर सूत्रात वाढीचा घात म्हणजे लाटेचा वाढदर गुणिले वेळ. स्थिर त्वरणाने कवच काही अंतर गेलं असं धरलं तर त्वरण या हिशेबातून गळूनच जातं. उरतं ते फक्त कापलेलं अंतर आणि लाटेची लांबी यांचं गुणोत्तर. म्हणजे कवच हळू ढकला की जोरात, तेवढंच अंतर गेल्यावर लाट तेवढीच वाढणार. घाईने सुटका नाही. गोळीच्या परिघावर साठ लाटा बसतील अशी एक लाट घ्या आणि कवच पाऊण मिलिमीटरच्या आसपास आत गेलं असं माना. घात दहाच्या जवळ जातो, आणि दहा धरला तर वाढ बावीस हजार पट होते. सुरुवातीची लाट दहा नॅनोमीटरची असेल, म्हणजे केसाच्या जाडीच्या हजारो भागांत एक भाग, तरी ती दोनशे मायक्रॉनच्या वर जाईल. कवचाची एकूण जाडी ऐंशी मायक्रॉनच्या आसपास. या हिशेबाने गोळी केंद्रापर्यंत पोचण्याआधीच तिच्या चिंध्या व्हायला हव्यात.

त्या होत नाहीत, कारण जळणं हेच काही प्रमाणात औषध ठरतं. कवचाचा पृष्ठभाग सतत झिजतो आहे आणि पदार्थ त्यातून बाहेर वाहतो आहे. लाटेचं जे टोक तप्त वायूत पुढे आलं आहे ते उष्णतेच्या जवळ असल्यामुळे लवकर झिजतं. लाट वाढू बघते आणि झीज तिला घासून काढते. लांबीने छोट्या लाटा तर पूर्ण पुसल्या जातात. स्टीफन बोडनर यांनी १९७४ साली हे स्थैर्य ओळखलं, आणि १९८५ साली जपानच्या हिदेआकी ताकाबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचं सुटसुटीत सूत्र दिलं. बावीस हजार पटींची वाढ त्यामुळे शेकडो किंवा हजार पटींवर येते. तेवढी चालण्यासारखी आहे, पण अगदी थोडक्यात. नेमकी किती, यावर पेटणं आणि न पेटणं ठरतं. इथून पुढे पाटी-पेन्सिल पुरत नाही.

संगणकाला काय करायचं असतं? वस्तुमान, संवेग आणि ऊर्जा यांच्या अक्षय्यतेची समीकरणं त्याला सोडवायची असतात. त्यांच्याबरोबर क्ष-किरणांचा प्रवास, उष्णतेचं वहन, आणि हिरा, प्लास्टिक, हायड्रोजन हे कोणत्या दाबाला कसे वागतात याची मोठी कोष्टकं येतात. लिव्हरमोरमधला 'लॅसनेक्स' हा जुना संगणकीय कार्यक्रम १९७० च्या दशकातला. त्यानंतरचा 'हायड्रा' त्रिमितीत चालतो. या कार्यक्रमांची मुळं अण्वस्त्रांच्या संशोधनात आहेत, हे इथे सांगायला हवं. अमेरिकेने १९९२ नंतर अण्वस्त्रांचे स्फोट करून चाचण्या घेणं थांबवलं आणि शस्त्रांविषयीचं ज्ञान प्रयोगशाळेत आणि संगणकावर टिकवण्यासाठी हा लेसर बांधला गेला. स्वस्त विजेचं स्वप्न खरं आहे, पण पैसा मुख्यतः या कारणासाठी आला.

गणनेसाठी गोळीवर जाळी टाकतात आणि जाळीच्या प्रत्येक घरात घनता, तापमान, वेग यांचे आकडे ठेवतात. जाळी कशी टाकायची, हा या विद्येचा गाभा. एक पद्धत अशी की जाळी पदार्थाबरोबर वाहते. हिरा आणि बर्फ यांच्यातली सीमा जाळीच्या रेषेवर राहते, म्हणून ती स्पष्ट राहते. पण अस्थिरता वाढली की दाट पदार्थाचे सुळके आत घुसतात, त्यांच्या कडा गुंडाळू लागतात. जाळीही त्यांच्याबरोबर पिळवटते, घरं उलटी होतात आणि गणना बंद पडते. दुसऱ्या पद्धतीत जाळी जागेवर स्थिर राहते आणि पदार्थ तिच्यातून वाहतो. ही गणना अडत नाही. मात्र एकाच घरात हिरा आणि हायड्रोजन दोन्ही आले की संगणक त्यांची सरासरी काढतो, आणि सीमा प्रत्येक पावलाला थोडी पुसट होते. प्रत्यक्षात न झालेली मिसळ कागदावर झालेली दिसते. 'हायड्रा'सारखे कार्यक्रम मधला मार्ग धरतात: जाळी काही काळ पदार्थाबरोबर जाऊ द्यायची, फार पिळली की ती सैल करून नीट मांडायची आणि आकडे नव्या घरांत वाटायचे. कुठे आणि केव्हा सैल करायची हे ठरवायला अनुभव लागतो. हे काम करणाऱ्यांचं कौशल्य मला कारागिराच्या तोडीचं वाटतं.

यात एक सापळा आहे. अस्थिरतेला बीज कुठून आलं याच्याशी कर्तव्य नसतं. गोळीवरचा खरा खड्डा आणि जाळीच्या ओबडधोबडपणामुळे आकड्यांत शिरलेली बारीक चूक, दोन्ही ती सारख्याच इमानाने वाढवते. म्हणून तज्ज्ञ आधी संपूर्ण गुळगुळीत, आदर्श गोळी दाबून बघतात. ती शेवटपर्यंत गोल राहिली नाही, तर त्यात दिसणाऱ्या लाटा गणनेनेच पेरलेल्या आहेत.

मग आकाराचा प्रश्न. परिघावर हजार लाटा बसतील इतक्या बारीक लाटेची लांबी सहा मायक्रॉनच्या आसपास येते. ती नीट पकडायला लाटेमागे सोळा घरं धरली, तर प्रत्येक घर ०.४ मायक्रॉनचं. दोन मिलिमीटरच्या गोळीच्या पृष्ठभागावर अशी जवळजवळ आठ कोटी घरं लागतील, आणि खोलीच्या दिशेने पाचशे थर धरले तर एकूण चार हजार कोटी. शिवाय काळाचं प्रत्येक पाऊल इतकं लहान हवं की त्यात कोणताही परिणाम एका घराच्या पलीकडे जाऊ नये. अशी हजारो पावलं. आणखी बारीक बघायचं म्हणून घराची बाजू निम्मी केली, तर घरं आठपट, पावलं दुप्पट, काम सोळापट.

या ओझ्यामुळे बरीच वर्षं द्विमितीवर भागवावं लागलं. द्विमितीय गणनेत गोळी एका अक्षाभोवती सममित मानतात, त्यामुळे अक्षापासून दूर असलेला एखादा खड्डा खड्डा राहत नाही. तो अक्षाभोवती फिरून गोल चर बनतो. एकाच ठिकाणचा दोष बघायचा असेल तर तो अक्षावरच ठेवावा लागतो. शिवाय वर सरकणारे विरळ बुडबुडे द्विमितीत सावकाश जातात. लाट मोठी झाल्यानंतर बुडबुड्याचा जो वेग ठरतो, तो त्रिमितीत द्विमितीच्या सुमारे पावणेदोन पट येतो. म्हणजे काटकसरीने केलेली गणना या बाबतीत वास्तवापेक्षा सौम्य चित्र दाखवते.

तरीही, २०१२ च्या अपयशाचं सगळं खापर मितींवर फोडता येत नाही, आणि या विषयातला माझ्या मते सर्वांत समृद्ध भाग इथे सुरू होतो.

गोळी होलराउमच्या मधोमध अधांतरी कशी ठेवायची? ती दोन पातळ प्लास्टिकच्या पडद्यांमध्ये, वरून एक आणि खालून एक, धरलेली असते. या आधाराला तिथे 'टेंट' म्हणतात. पडद्याची जाडी काही दशक नॅनोमीटर. ज्या गोळीच्या कवचात हजारो नॅनोमीटरचे थर आहेत, तिच्यावर एवढ्या झिरझिरीत पडद्याचा परिणाम नगण्य असेल, असं वाटणं स्वाभाविक होतं. पण पडदा गोळीला जिथे सोडतो, तिथे तो वर्तुळाकार रेषेवर सोडतो. क्ष-किरण येताच त्या रेषेवर पडदा स्फोटासारखा उधळतो आणि खालच्या कवचाला धक्का देतो. त्या चराची लांबी आणि खोली अस्थिरतेला नेमकी हवी तेवढी होती. दबणाऱ्या गोळ्यांची क्ष-किरण छायाचित्रं काढली तेव्हा कवचावर ही वर्तुळं स्पष्ट उमटलेली दिसली.

दुसरा दोषी होता इंधन भरण्याची काचेची नळी. कवचाला भोक पाडून दहा मायक्रॉन जाडीची ही नळी बसवलेली असे. तिच्या जागी कवचाचा पदार्थ फवाऱ्यासारखा आत, थेट तप्त बिंदूत शिरत होता. कार्बन आत शिरला की काय होतं? हायड्रोजनच्या केंद्रकावर एक विद्युतभार, कार्बनच्या केंद्रकावर सहा. तप्त वायूतून क्ष-किरण बाहेर टाकण्याचं काम भार जास्त असलेले अणू कित्येक पटींनी जास्त करतात. म्हणजे थोडासा कार्बनही केंद्राची उष्णता बाहेर फेकतो, आणि पाच कोटी अंशांच्या उंबरठ्यावर उभा असलेला बिंदू थंड पडतो.

संगणक आणि सिद्धान्त कितपत विश्वासार्ह आहेत हे तपासण्यासाठी २०१३–१४ मध्ये व्लादिमिर स्मालियुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मला फार प्रामाणिक वाटणारे प्रयोग केले. त्यांनी कवचावर ठराविक लांबीच्या आणि मोजलेल्या उंचीच्या लाटा मुद्दाम कोरल्या, गोळी दाबली आणि क्ष-किरणांनी त्यांची वाढ मोजली. वाढ गणनेशी बऱ्यापैकी जुळली. संगणकाला सुरुवात नीट सांगितली तर तो शेवट नीट सांगत होता. आधी पडद्याविषयी आणि नळीविषयी त्याला पुरतं सांगितलंच गेलं नव्हतं. अशा अस्थिर प्रवाहात सुरुवातीच्या आकड्यातली दुप्पट चूक शेवटीही दुप्पट राहते, आणि शेवटी ती शेकडो पटींनी मोठी झालेल्या लाटेवर बसलेली असते.

तोपर्यंत दुसरीकडे एक वेगळा उपाय सुरू झाला होता. लेसरची शक्ती वेळेनुसार कशी बदलते याचा आलेख काढला तर सुरुवातीला सखल भाग असतो, नंतर मोठा चढ. आधीच्या मोहिमेत हा सखल भाग फार खाली ठेवला होता, कारण सुरुवातीला हळुवार ढकललं तर इंधन कमी तापतं आणि शेवटी जास्त दबतं. ओमर हरिकेन यांच्या चमूने हा भाग उंच केला, चार धक्कालाटांऐवजी तीन वापरल्या आणि वीस नॅनोसेकंदांच्या आसपासचा स्पंद पंधरापर्यंत आखूड केला. सुरुवातीपासून जास्त क्ष-किरण म्हणजे पृष्ठभागाची झीज जलद, बाहेरची घनता एकदम न चढता हळूहळू चढणारी, आणि लाटांची वाढ खूपच कमी. किंमत मोजली ती दाबाची: इंधन आधीच थोडं तापल्यामुळे शेवटी तितकं दबत नव्हतं. कागदावर हा आराखडा आधीच्यापेक्षा कमकुवत होता. प्रत्यक्षात ऊर्जा जवळजवळ दहापट मिळाली, आणि इंधनाला मिळालेल्या ऊर्जेपेक्षा संलयनाची ऊर्जा जास्त निघाल्याचं त्यांनी फेब्रुवारी २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये जाहीर केलं. आदर्श गोळीसाठी सर्वोत्तम आराखडा आणि खऱ्या गोळीसाठी सर्वोत्तम आराखडा वेगळे निघाले.

२०१६ साली डॅनियल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी दोन्ही प्रकारच्या प्रयोगांची त्रिमितीय गणना प्रसिद्ध केली. या वेळी पडदा, नळी, पृष्ठभागाचा खडबडीतपणा आणि होलराउममधल्या क्ष-किरणांचा असमतोल, सगळं त्यात घातलं होतं. जुन्या आराखड्याला बाहेरच्या पृष्ठभागावरच्या अस्थिरतेने, विशेषतः पडद्याच्या वळाने, मारलं होतं. नव्या आराखड्यात लाटा शांत झाल्यावर मोठ्या आकाराचा असमतोल पुढे आला होता: गोळी एका बाजूने जास्त आणि दुसऱ्या बाजूने कमी दबत होती. मोजमापांशी जुळणी चांगली होती, तंतोतंत नव्हती.

गोळी थेट लेसरने दाबण्याचीही एक वाट आहे. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर विद्यापीठाचा साठ शलाकांचा 'ओमेगा' त्याच वाटेवर आहे. तिथे होलराउम नाही, म्हणून लेसरच्या प्रकाशातले ठिपकेच कवचावर लाटांचं बीज छापतात. तो ठसा पुसण्यासाठी प्रकाश वेगाने अस्ताव्यस्त करत ठेवावा लागतो. तो विषय स्वतंत्र लेखाचा आहे.

लिव्हरमोरने मग कवच बदललं. प्लास्टिकऐवजी हिरा आला: जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये सिलिकॉनच्या गोळ्यावर हिऱ्याचा थर वाढवतात, बारीक छिद्रातून आतलं सिलिकॉन विरघळवून काढतात आणि पृष्ठभाग घासून गुळगुळीत करतात. हिरा दाट, म्हणून कवच पातळ आणि स्पंद आखूड ठेवता येतो. पण हिरा स्फटिकांचा बनलेला असतो, आणि धक्कालाट स्फटिकांच्या कणाकणातून वेगवेगळी जाते. तेही एक बीजच. म्हणून पहिला धक्काच सुमारे सव्वा कोटी वातावरणांचा द्यावा लागतो, हिरा संपूर्ण वितळेल इतका. शिवाय सोन्याच्या भिंतीतून निघणारे जास्त ऊर्जेचे क्ष-किरण कवचाच्या आतल्या भागापर्यंत पोचून त्याला आधीच फुगवतात. तसं झालं तर हिरा आणि बर्फ यांच्या सीमेवरच हलका-जड असा प्रकार उद्भवतो. त्यावर उपाय म्हणून हिऱ्याच्या एका थरात किंचित टंगस्टन मिसळतात, ते हे किरण अडवतं. या उपायांची मात्रा ठरवताना गणनेची मोठी मदत झाली. इंधनाची नळीही दहावरून पाच आणि पाचवरून दोन मायक्रॉनवर आणली.

८ ऑगस्ट २०२१ रोजी साडेतेरा लाख ज्यूल निघाले. लेसरचे होते एकोणीस लाख. नंतर तोच प्रयोग चारदा केला, आणि सर्वांत चांगला प्रयत्नही निम्म्यापर्यंतच पोचला. आराखडा तोच, गोळ्या वेगळ्या. त्यांच्या हिऱ्यात जास्त पोकळ्या आणि खड्डे होते. या निराशेतून जे बदल सुचले ते असे: लेसरची ऊर्जा आठ टक्क्यांनी वाढवायची आणि कवच काही मायक्रॉनने जाड करायचं, म्हणजे बाहेरचा दोष आतवर पोचायला अधिक अवघड. त्या आराखड्याचा सप्टेंबर २०२२ मधला पहिला प्रयत्न असमतोलामुळे बारा लाख ज्यूलच्या आसपास अडकला. शलाकांमधली ऊर्जेची वाटणी सुधारली आणि ५ डिसेंबरला साडेवीस लाखांवर साडेएकतीस लाख ज्यूल मिळाले. लेसर चालवायला विजेच्या जाळ्यातून त्याआधी सुमारे तीस कोटी ज्यूल घेतले होते, हेही लक्षात ठेवलं पाहिजे; वीजनिर्मिती अजून दूर आहे.

मला मात्र त्या प्रयोगाआधी काढलेला एक आकडा जास्त बोलका वाटतो. असंख्य गणना आणि आधीच्या प्रयोगांची मोजमापं यांना यंत्रशिक्षणाने जोडून लिव्हरमोरच्या चमूने यशाची शक्यता आधीच काढून ठेवली होती: ७४ टक्के. ते काम ऑगस्ट २०२५ मध्ये 'सायन्स'मध्ये आलं. २०१२ साली संगणकाने 'पेटेल' असं सांगितलं होतं. २०२२ साली त्याने किती खात्रीने पेटेल तेही सांगितलं. गोळीतले दोष, नळी, शलाकांची कमी-जास्त शक्ती या सगळ्यांमुळे येणारी अनिश्चितता त्या आकड्यात मोजलेली होती.

एप्रिल २०२५ मध्ये साडेवीस लाखांहून किंचित जास्त ज्यूलवर शहाऐंशी लाख ज्यूल निघाले. नोव्हेंबर २०२४ पासून लिव्हरमोरकडे 'एल कॅपिटान' आहे, त्या वेळी जगातला सर्वांत वेगवान ठरलेला महासंगणक. तरीही संपूर्ण गोळी, होलराउम आणि मायक्रॉनहून बारीक मिसळ हे सगळं एकाच त्रिमितीय गणनेत बसवणं जड जातं. म्हणून काम दोन्ही टोकांनी चालू आहे. एकीकडे प्रयोगाआधी हिऱ्याच्या कवचाचा पृष्ठभाग सर्व बाजूंनी तपासतात, क्ष-किरणांनी त्याच्या आतल्या पोकळ्या मोजतात आणि कमी दोषांची कवचं निवडतात. दुसरीकडे त्या मोजमापांतले दोष गणनेच्या जाळीत जसेच्या तसे उतरवून, त्यांतला कोणता खड्डा तप्त बिंदूपर्यंत पोचेल आणि कोणता वाटेतच झिजून जाईल, हे लेसर सुटण्याआधी ओळखण्याचा प्रयत्न चालला आहे.